मदत हवी आहे: इंग्लंडमधले जुने दुकानदारी टोकन, पण हे न्यूपोर्ट कोणते?

मंडळी नमस्कार,

मी तीन वर्षांपासून ब्रिस्टलजवळ राहते. इथे रविवारी मैदानात लोक गाड्यांच्या डिक्या उघडून घरातलं जुनंपानं विकायला बसतात. तिथे एका आजोबांकडून आठ पौंडांत एक पत्र्याची डबी घेतली. डबीत तांब्यापितळेचे अकरा तुकडे निघाले. बरेचसे घासून गुळगुळीत झालेत, पण चार बहुधा सतराव्या शतकातली दुकानदारांची टोकनं आहेत. वाचून एवढं कळलं की १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाल्यावर सरकारी फार्दिंग (पाव पेनीची नाणी) बंद पडले आणि सुट्ट्यांची बोंब झाली, म्हणून वाणी, खाणावळवाले, मेणबत्तीवाले स्वतःच्या नावाची नाणी पाडू लागले. आपल्याकडे सुट्टे नसले की दुकानदार चॉकलेट हातावर ठेवतो, तसंच; फक्त हे चॉकलेट परत त्याच दुकानात चालायचं.

त्या चारांतलं एक टोकन नखाएवढं आहे, जेमतेम १६ मिमी, आणि पातळ. एका बाजूला शंकूसारखं काहीतरी आहे (मला आधी चक्क पिंड वाटली), कडेची अक्षरं झिजलीत. दुसऱ्या बाजूला मध्ये तीन अक्षरं: वर ‘पी’, खाली ‘आय’ आणि ‘एम’. कडेने ‘इन न्यूपोर्ट’ आणि पुढे झिजलेलं. सालातले ‘१६६’ दिसतात, शेवटचा आकडा गेला.

न्यूपोर्ट नावाची गावं इथे ढीगभर आहेत. वाइट बेटावर एक, श्रॉपशरमध्ये एक, एसेक्समध्ये एक, वेल्समध्ये एक. हे कोणतं ते कसं ठरवायचं? आणि ‘आय’ हे मालकाचं मधलं नाव का?

एक कबुलीही. डबीतल्या दुसऱ्या एका टोकनाला मी चिंच-मीठ लावलं. आई देवाचा तांब्या घासते तसं. आता ते गुलाबी दिसतंय. बाकीच्यांवर हिरवे डाग आहेत, त्यांचं काय करू?

प्रतिसाद १
ताई, आधी चिंच कपाटात ठेवा.

पिंड नाही, ती साखरेची ढेप. त्या काळी साखर शंकूच्या आकाराच्या ढेपेत यायची, म्हणून वाण्याची ती पाटी. तुमचा माणूस बहुतेक किराणावाला.

अक्षरांचं कोडं सोपं आहे. वरचं अक्षर आडनावाचं, खाली डावीकडे नवरा, उजवीकडे बायको. तेव्हा ‘जे’ ऐवजी ‘आय’च कोरायचे, म्हणजे जॉन किंवा जेम्स असू शकेल. ‘एम’ म्हणजे मेरी, मार्गारेट, मार्था, काहीही. बायकोचं अक्षर पैशावर येतं याचं मला फार अप्रूप आहे. गल्ल्यावर तीही बसत असावी. विधवांनी तर स्वतःच्या नावानेही टोकनं काढलीत.

गावासाठी: कडेची अक्षरं काठावर सगळ्यात वर कोरलेल्या छोट्या ताऱ्यापासून वाचायची. ‘न्यूपोर्ट’ संपल्यावर पुन्हा ताऱ्यापर्यंत जागा किती उरते ते मोजा. सहासात अक्षरांची असेल तर बकिंगहॅमशरचं न्यूपोर्ट पॅग्नल तपासा, ते तुमच्या यादीत नाही. टेबलावरचा दिवा अगदी आडवा धरून फोटो काढा, सरळ उजेडात काही दिसत नाही.

प्रतिसाद २
हिरवा डाग गुळगुळीत आणि घट्ट असेल तर तसाच राहू द्या. फिकट हिरवी भुकटी टाचणीच्या टोकाने सुटत असेल तर मात्र तो तांब्याला पोखरणारा रोग आहे. ते टोकन लगेच वेगळं काढा, डिस्टिल्ड पाण्यात बुडवून पाणी दर काही दिवसांनी बदला, मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. मऊ प्लास्टिकचे अल्बम नकोत, त्यातून चिकट पदार्थ झिरपतो. कागदी पाकिटं बरी.

गाव सापडलं की बॉइनच्या टोकनांच्या यादीची विल्यमसनने वाढवलेली आवृत्ती बघा (१८८९–९१). परगण्यांनुसार लावलेली आहे. नाव मिळालं की चर्चच्या लग्न-बारशांच्या नोंदी आणि १६६२ नंतरच्या चूलकराच्या याद्या. चुली किती त्यावर कर होता, त्यामुळे वाण्याचं घर केवढं होतं तेही कळतं.

१६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तांब्याची सरकारी नाणी काढून ही टोकनं बंद केली. १७८७ पासून पुन्हा लाट आली, ती देखणी: वेल्समधल्या अँगल्सी बेटावरच्या तांब्याच्या खाणीचा दाढीवाला ड्रुइड (प्राचीन केल्टिक पुरोहित), कव्हेंट्रीची १७९२ ची घोड्यावरची गोडायव्हा (तिथल्या दंतकथेतली सरदारीण). डोळ्यांना सुख हवं तर तिकडे वळा. मला स्वतःला ती जरा जास्तच नटवी वाटतात.

धागाकर्ती
दिवा आडवा धरला! ‘न्यूपोर्ट’नंतर ‘पी’ आणि त्यापुढे ‘ए’चा एक पाय दिसतोय, जागाही सहा अक्षरांची. म्हणजे पॅग्नल. आता ‘पी’ आडनावाचा वाणी शोधते. दोघांचे खूप आभार.

फक्त त्या गुलाबी टोकनाचं काय करू?

प्रतिसाद १
काही नाही. कागदी पाकिटात घाला, वर ‘चिंच’ असं लिहा, आणि पुढची पन्नास वर्षं हात लावू नका.