विषय: कॅम्परव्हॅनने ग्रेट ओशन रोड, आई-बाबांना घेऊन

नमस्कार मंडळी,
ईस्टरच्या सुट्टीत आई-बाबा इथे असतील, तेव्हा कॅम्परव्हॅन घेऊन ग्रेट ओशन रोड, म्हणजे इथला ऑस्ट्रेलियातला समुद्रकाठचा रस्ता, करायचा विचार आहे, पाच दिवस आहेत हाताशी. बाबा आयुष्यभर सह्याद्रीत भटकलेत, त्यांना चढायला डोंगर हवाच, आणि आईचे गुडघे दुखतात. दोघांचं जमेल असं काही आहे का? रात्री व्हॅन रस्त्याकडेला लावून झोपलं तर चालतं का?

उत्तर:
ताई, आम्ही मागच्या एप्रिलमधे सासू-सासऱ्यांना घेऊन हेच केलं म्हणून लगेच लिहितेय. रस्त्याकडेला झोपता येत नाही, दंड होतो, आणि ईस्टरला कॅरॅव्हॅन पार्क पटापट भरतात तेव्हा वाटेवरच्या लॉर्न, अपोलो बे या गावांत आजच जागा बघा, पॉवर्ड साईट (वीजजोड असलेली जागा) घ्या, रात्री हीटर लागतो.

रस्त्याच्या मेलबर्नकडच्या टोकाला, टॉर्कीकडून निघा. मग समुद्र डाव्या हाताला राहतो आणि थांब्यांवर समोरची ट्रॅफिक न ओलांडता शिरता येतं, मोठ्या व्हॅनला हे फार बरं पडतं. ईस्टर्न व्ह्यूच्या कमानीपाशी नुसता फोटो काढून निघू नका हं. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी 1919 ते 1932 मधे कुदळ-फावडी घेऊन, कडे फोडून हा रस्ता केला, आणि जे सोबती परत आले नाहीत त्यांचं स्मारक म्हणजे हा अख्खा रस्ताच आहे. सासरे बॉम्बे सॅपर्समधून, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातून, रिटायर झालेत, ते तिथे बराच वेळ गप्प उभे होते, मग पुढे प्रत्येक वळणावर सुरुंग कुठे लावला असेल ते मला कड्याकडे बोट करून दाखवत होते.

आईंसाठी अपोलो बेच्या पुढे मेट्स रेस्ट, 800 मीटरची फेरी, डोक्यावरून जाणारे नेचे, ओली गार सावली. पुढे गिब्सन स्टेप्सला किनाऱ्यावर उतरायला 86 पायऱ्या आहेत, त्या त्यांना नको.

बहुतेक जण ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले खडकांचे सुळके, बघून मेलबर्नला परततात, तुम्ही नका परतू. वॉर्नांबूलहून उत्तरेला डंकेल्ड, तिथून हॉल्स गॅप, म्हणजे ग्रॅम्पियन्सचे डोंगर. वंडरलँड कार पार्कहून पिनॅकल हा सुळका जाऊन-येऊन दोन-अडीच तास, मधे एकेकट्यानेच जाता येईल अशी अरुंद घळ लागते, बाबा खूश होतील. दगड आपल्यासारखा काळा बेसॉल्ट नाही, वालुकाश्म आहे, पावसात जपून. आणि बोरोका लुकआउटला गाडी जवळजवळ टोकापर्यंत जाते, तेव्हा आईंनाही वरून सगळी दरी दिसते. डिसेंबर 2024 च्या वणव्यात तिथलं बरंच जंगल जळलंय, कुठल्या वाटा उघड्या आहेत ते पार्क्स व्हिक्टोरियाच्या (इथली उद्यानं सांभाळणारी सरकारी संस्था) साईटवर बघून घ्या. संध्याकाळनंतर गाडी चालवू नका, कांगारू आडवे येतात.

उत्तर:
वहिनी, खूप खूप आभार! लॉर्नला जागाच उरली नाही, अपोलो बेला दोन रात्री मिळाल्या. पहिल्याच दिवशी थेट तिथे गेलो तर आईला जड जाईल का?

उत्तर:
नाही जाणार, फक्त मेलबर्नहून सकाळी लवकर निघा आणि लॉर्नला जेवायला थांबा. पुढचा रस्ता वळणावळणाचा आहे, आईंना पुढच्या सीटवर बसवा.