मदत हवी आहे: चोरीला गेलेल्या मेलेल्या मांजराची गोष्ट तुम्ही कुठे ऐकलीत?

नमस्कार मंडळी,

लहानपणी आम्ही गिरगावात राहायचो. तिथे आई एक गोष्ट सांगायची. पलीकडच्या चाळीतल्या एका काकूंची मनी मेली. चाळीत पुरायला जागा कुठली? काकूंनी तिला साडीच्या खोक्यात ठेवलं, वरून सुतळी बांधली आणि बोरिवलीच्या बहिणीकडे निघाल्या, तिच्या अंगणात पुरायला. चर्नी रोडला गाडीत चढल्या, खोकं वरच्या रॅकवर ठेवलं. दादरला उतरणाऱ्यांच्या रेट्यात खोकं गेलं! काकू मागोमाग उतरल्या तर फलाटावर हा घोळका. मध्ये बाकावर एक बाई बेशुद्ध आणि मांडीवर उघडं खोकं.

आई हे गवार मोडता मोडता सांगायची. गाठ सोडायची वेळ आली की हातातली शेंग ताटात ठेवायची आणि बोटांनी हवेतली सुतळी हळूहळू सोडून दाखवायची. आम्ही पोट धरून हसायचो. या काकू कोण, विचारलं की म्हणायची, "तू नाही ओळखत त्यांना."

मी तेव्हा चौथीत होतो, म्हणजे १९७९ साल. कालपरवापर्यंत मला ही घटना आमच्या गिरगावातलीच वाटत होती. मग यान हॅरल्ड ब्रुनवांड या अमेरिकन लोककथा-अभ्यासकाचं 'द व्हॅनिशिंग हिचहायकर' वाचलं आणि त्यात हेच मांजर भेटलं! फक्त लोकलच्या जागी तिथलं मोठं दुकान. सांगणाऱ्याच्या ओळखीच्यांच्या ओळखीत ते 'खरंच घडलेलं' असतं, हेही तसंच. त्याच प्रकरणात मेलेल्या आजीची कथा आहे: प्रवासात आजी जाते, घरचे तिला गुंडाळून गाडीच्या टपावर बांधतात आणि चोर गाडीच पळवतात. पण पुस्तक १९८१ चं. आईला गोष्ट त्याआधीच माहीत होती, आणि तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.

आई गेल्या वर्षी गेली. भाच्यांसाठी मी तिच्या गोष्टी लिहून काढतोय आणि या एका गोष्टीपाशी अडलोय. ती मराठीत कशी आली, हे मला मनापासून शोधायचं आहे. तुमच्या घरी कुणी सांगायचं का? साधारण कोणत्या साली? एखाद्या मासिकात किंवा दिवाळी अंकात छापून आली होती का? आठवेल ते लिहा, अर्धवट असलं तरी चालेल.

प्रतिसाद १
मांजर नाही ऐकलं, पण चोर फसण्याची जुनी गोष्ट म्हणजे तेनालीरामाची. दागिन्यांची पेटी म्हणून तो दगडांची पेटी विहिरीत टाकतो, चोर रात्रभर पाणी उपसतात आणि त्याच्या बागेला आयतं पाणी मिळतं. हीच मूळ असेल का?

प्रतिसाद २
आमच्याकडे नागपूरला बाबा बसमधली सांगायचे. तपासणीला न्यायची लघवी दारूच्या बाटलीत भरलेली, आणि ती बाटलीच कुणीतरी लांबवली. मी ऐकली १९८५ च्या सुमारास. बाबांना ती ऑफिसात कळली होती.

धागाकर्ता
दोघांचे खूप आभार. तेनालीरामाची गोष्ट मला वेगळ्या जातीची वाटते. तो मुद्दाम फसवतो. फेब्रुवारी १९६८ मध्ये न्यूयॉर्कात सफाई कामगारांचा ९ दिवस संप होता, तेव्हाचीही अशीच एक सांगतात: लोक कचरा भेटवस्तूसारखा बांधून उघड्या गाडीत ठेवायचे, चोरीला जावा म्हणून. आमच्या काकूंना कुणालाच फसवायचं नव्हतं. त्यांना मनी पुरायची होती. बाटलीची गोष्ट मात्र अगदी जवळची आहे. बाबांना एकदा विचाराल का, ऑफिसात ती सांगणारे गृहस्थ मुंबईहून बदलून आलेले होते का?