बुक क्लबात परदेशी पुस्तकांवरून जुंपते, काय करावं?

निवांतवाचक:
आमच्या बुक क्लबात सध्या बाहेरच्या देशांतली पुस्तकं चालू आहेत. यावेळी चिनुआ अचेबेचं 'थिंग्ज फॉल अपार्ट' होतं, १९५८ चं, इंग्रज यायच्या सुमाराचा नायजेरियातला इग्बो समाज. एकीने अर्ध्यातच सोडलं, म्हणे त्यातला नायक ओकोन्क्वो आपल्या बायकांना मारतो, जुळी मुलं जंगलात टाकून देतात, वर जो इकेमेफुना नावाचा परका पोरगा तीन वर्षं घरात राहिला, याला बाप म्हणायला लागला त्याच्यावर हा स्वतः कोयता चालवतो, असल्या माणसाची गोष्ट मी का वाचू? त्यावर दुसरा म्हणाला ती त्यांची संस्कृती, आपण कोण बोलणार. झालं, दोघंही फुगून बसले आणि पुस्तक राहिलं बाजूला. गंमत म्हणजे आधीचं 'मेमॉयर्स ऑफ अ गेशा', जपानमधल्या गेशाची म्हणजे नाचगाण्याने पाहुण्यांचं मनोरंजन करणाऱ्या बाईची कादंबरी, सगळ्यांना जाम आवडलेलं, एक वाद नाही. अशी पुस्तकं घ्यायचीच नाहीत का?

पानपलटू:
घ्या की! पण 'त्यांची संस्कृती' म्हणणाऱ्याने पुस्तक नीट वाचलंय का ते विचारा आधी. एझेउडू नावाचा म्हातारा ओकोन्क्वोला आधीच बजावतो की पोराला मारण्यात तू हात घालू नकोस, तरी हा घालतो, का तर लोक भित्रा म्हणतील. ओबिएरिका, त्याचा जिवलग मित्र, तोंडावर सांगतो की हे बरं केलं नाहीस. ओकोन्क्वोचा मुलगा न्वोये तर त्या खुनामुळे आणि जंगलात रडणाऱ्या जुळ्यांमुळे आतून तुटतो आणि शेवटी मिशनऱ्यांकडे जातो. म्हणजे तुमच्या मैत्रिणीला जे खुपलं ते त्या गावातल्याच माणसांनाही खुपतंय. मी असतो तर तिलाच चर्चा सुरू करायला लावली असती.

तिरकीरेघ:
+१, पण फार गोडही करू नका. शांतता सप्ताहात बायकोला मारलं म्हणून ओकोन्क्वोला दंड होतो खरा, पण तो सप्ताह मोडला म्हणून, मारलं म्हणून नाही. हां, पुढे मुखवटे घातलेल्या पूर्वजांच्या न्यायसभेत बायकोला बडवणाऱ्या उझोवुलूला सासरी जाऊन हातापाया पडायला लावतात, तो प्रसंग मस्त आहे. चर्चेला एवढंच घ्या, तास कसा गेला कळणार नाही.
आणि गेशावर वाद झाला नाही याची मला जास्त काळजी वाटते :) आर्थर गोल्डन अमेरिकन, पुस्तक १९९७ चं. ज्या मिनेको इवासाकी या खऱ्याखुऱ्या गेशाने त्याला मुलाखती दिल्या तिनेच नंतर कोर्टात खेचलं, कौमार्याच्या लिलावाचं जे रंगवलंय तसं आपल्या बाबतीत घडलंच नाही असं तिचं म्हणणं, शेवटी २००३ मध्ये कोर्टाबाहेर मिटवलं. त्याआधीच तिने स्वतःचं आत्मचरित्र काढलं होतं. रेशीम, चहा, चंद्रप्रकाश असलं की आपण काही विचारतच नाही.

उशाशीपुस्तक:
एवढा अभ्यास करून वाचायचं तर परीक्षाच द्यावी ना माणसाने. मला गेशा आवडलं, अजूनही आवडतं. आणि अर्धवट सोडायचा हक्क प्रत्येकाला आहे, फक्त का सोडलं ते सांगावं.

निवांतवाचक:
@तिरकीरेघ इवासाकीचं माहीतच नव्हतं, पुढच्या वेळी तिचंच आत्मचरित्र सुचवते. @पानपलटू न्वोयेचं मैत्रिणीला कळवलं, ती म्हणतेय तेवढा भाग वाचेन, ओकोन्क्वोला माफ करणार नाही. मी म्हटलं नको करूस, वाच फक्त.