सेवाक्षेत्र वाढतंय, सरकारही वाढतंय. याला प्रगती म्हणायचं का?

माळरान
देशाच्या उत्पन्नात सेवांचा वाटा दहा वर्षांत ५१ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांच्या आसपास गेला, म्हणून सगळे खूश आहेत. पण माणसं कुठे आहेत ते बघा. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार ४६ टक्के कामकरी शेतीत, सेवांमध्ये तीसेक टक्के. जपान, कोरियात लोक शेतातून आधी कारखान्यात गेले, मग कचेरीत. आपण मधली पायरीच गाळली. बारावी झालेल्या शेतकऱ्याच्या पोराला हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत कोण घेणार? त्याच्या वाट्याला येतात घरोघरी पोचवायची पार्सलं, नाहीतर सोसायटीच्या गेटवरची बारा तासांची ड्युटी. तीही सेवाच! कारखाने आणा आणि सरकारचा पसारा आवरा, एवढंच म्हणणं आहे.

लालबागकर
कारखाना आला की पोराचं भलं झालं, असं गिरणगावात वाढलेला माणूस म्हणणार नाही. गिरणीतही बदली कामगार वर्षानुवर्षं रोज सकाळी गेटवर उभे राहायचे, काम मिळालं तर मिळालं. कायम झालेल्याला फंड, ग्रॅच्युइटी, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड मिळायचं ते कायदा आणि युनियन होती म्हणून. १९८२ च्या गिरणी संपानंतर तेही गेलं. तेच संरक्षण आज पार्सलवाल्या पोराला द्या. ते देणार कोण? ज्याचा पसारा तुम्ही आवरायला निघालात तेच सरकार ना?

हिशेबनीस
सरकार वाढतंय म्हणजे नक्की काय वाढतंय, ते आधी पाहू. तलाठ्याच्या दाखल्याला बाजारभाव नसतो. त्यामुळे देशाच्या उत्पन्नात सरकारी सेवेचं मूल्य मुख्यतः पगारांवरूनच धरतात. सातव्या वेतन आयोगाने २०१६ पासून किमान मूळ वेतन ७,००० वरून १८,००० केलं. दाखल्याला पूर्वीइतकेच हेलपाटे पडोत, चालू किमतींच्या, म्हणजे महागाई वजा न केलेल्या आकड्यात सरकारची सेवा वाढलेलीच दिसते. या वाढीवर माझा तरी विश्वास नाही.

रानजाई
हिशेबनीस, हेच सूत्र आता माझ्या जाऊबाईंना लावा. त्या आशा, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्त्या आहेत. बाळंतीण घरी आली की ४२ दिवसांत सहा घरभेटी. दर वेळी बाळाचं वजन, ताप, अंगावर पितंय की नाही ते बघायचं आणि सगळं फॉर्मात भरायचं. मधेच रात्री कुणाला कळा सुरू झाल्या की गाडी बघून ग्रामीण रुग्णालय गाठायचं. याला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि वर थोडी ठरावीक रक्कम. अंगणवाडी सेविकेला मानधन. म्हणजे देशाच्या उत्पन्नात या बायांचं काम धरायचं ते तेवढ्याच तुटपुंज्या रकमेचं. सरकारचा पसारा म्हणता, आमच्याकडे आरोग्य उपकेंद्रात माणूस सापडत नाही.

माळरान
आशांना पगार हवाच, त्यात वादच नाही. पण तो द्यायला तिजोरीत पैसा यायला हवा, आणि कारखान्यांशिवाय एवढ्या लोकांच्या हाती कर भरण्याजोगी कमाई येणार नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला. दुष्काळात त्याने माणसं जगवली, पण हमीच्या कामावर कोणाचं घर वर आलं?

रानजाई
मग तामिळनाडूकडे बघा. देशात सर्वांत जास्त कारखाने तिथे आहेत आणि कारखान्यांत काम करणाऱ्या बायाही तिथेच सर्वाधिक. त्या राज्याने १९८२ मध्येच शाळेतल्या पोरांना दुपारचं जेवण मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, प्राथमिक आरोग्य केंद्रं नीट चालवली. कारखाने येऊन तिजोरी भरेपर्यंत थांबले नाहीत. पोर शाळेत जेवतंय, आजारी पडलं तर केंद्रात नर्स आहे, एवढी खात्री असली की बाई कारखान्यात कामाच्या पाळीला जाऊ शकते. आधी कारखाने आणि मग सरकार, हा तुमचा क्रमच मला मान्य नाही.