कमी दिसतंय हे तुम्हाला कधी कळलं? चष्म्याचे अनुभव लिहा

नाशिक, दोन मुलांची आई

मुलगी तिसरीत आहे. वर्षभर एकच तक्रार: फळ्यावरची गणितं चुकीची उतरवते, १ चा ९ करते. बाईंना वाटलं लक्ष नाही. मलाही तेच वाटलं आणि मी तिला ओरडत राहिले. मागच्या महिन्यात डोळे तपासले तर उजवा मायनस २.२५, डावा मायनस २.

चष्मा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी व्हॅनमध्ये चढताना तिनं वर पाहिलं आणि गॅलरीतल्या आजोबांना हात केला. ते रोज हात करायचे. नात वळूनही बघत नाही म्हणून जरा खट्टू व्हायचे. तिला ते दिसतच नव्हते, आणि आपल्याला दिसत नाही हेही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी जग तेवढंच होतं.

नातेवाइकांनी टीव्ही, मोबाइल, गाजर न खाणं, सगळं सांगून झालं. मला खरं कारण समजून घ्यायचंय. तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला चष्मा का लागला, कसं कळलं, मोकळेपणानं लिहा.

सांगली, चष्म्याच्या दुकानात २२ वर्षं नंबर तपासतो

ताई, स्वतःला बोल लावू नका. डोळ्यासमोरचं पारदर्शक पटल आणि आतलं भिंग मिळून उजेड वळवतात आणि मागच्या पडद्यावर चित्र पाडतात. जन्मतः डोळा पुढून मागे साधारण १७ मिलिमीटर असतो, मोठेपणी २४ च्या आसपास. काही मुलांचा डोळा त्याहून लांबतो आणि चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं. मायनस काच ते मागे सरकवते. एक मिलिमीटर जास्त लांबला की अडीच-तीन नंबर, म्हणजे तुमच्या लेकीचा डोळा मिलिमीटरभरही जास्त नसेल. डोळा आखूड असेल तर प्लस, पटलाचा गोलावा एका दिशेला जास्त असेल तर सिलिंडर.

एकाला नंबरानं भागा, तेवढ्या मीटरपर्यंत स्पष्ट दिसतं. मायनस २ ला अर्धा मीटर, मायनस ४ ला वीतभर. फळा त्याच्या कितीतरी पलीकडे.

आई-वडिलांना असेल तर मुलांना लागण्याची शक्यता वाढते. सतत जवळचं काम आणि दिवसाउजेडी बाहेर न खेळणं, हेही त्यात येतं. तिला मैदानावर पाठवा. आणि चष्मा घातल्यानं नंबर वाढतो हे कुणी सांगितलं तर ऐकू नका. डोळा वाढतो म्हणून नंबर वाढतो. हे मला दिवसातून चारदा सांगावं लागतं.

कोल्हापूर, शेती करतो

माझा एक डोळा उत्तम होता, म्हणूनच कळलं नाही. दोन वर्षं भरतीची तयारी केली, पहाटे चारला उठून पळायचो. मेडिकलला डावा डोळा झाकायला सांगितला, आणि उजव्यानं तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर तेवढं दिसलं. तिथंच संपलं.

प्लस ५ निघाला. काच लावूनही फार फरक पडेना. डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी एका डोळ्याचं चित्र पुसट असलं की मेंदू ते घ्यायचंच सोडतो आणि दुसऱ्या डोळ्यावर भागवतो. आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि पट्टी मिळाली असती तर बहुतेक सुधारला असता. मी तेव्हा २१ चा होतो. घरी सांगितलं तर वडील कट्ट्यावर बसून राहिले. "आम्हाला कळायला पाहिजे होतं," एवढंच बोलले. त्यांना कसं कळणार? मीच कधी एक डोळा झाकून बघितलं नव्हतं.

पुतण्या चार वर्षांचा झाला तसा त्याला घेऊन गेलो. त्यालाही एका डोळ्यात प्लस ४. चष्मा, आणि रोज दोन तास चांगल्या डोळ्यावर पट्टी. रडायचा, उपटून फेकायचा. वहिनीनं चिकाटी सोडली नाही, पट्टी लावून त्याला शेंगा सोलायला बसवायची. दीड वर्षानं त्या डोळ्यानं त्यानं शेवटून दुसरी ओळ वाचली. मी तिथंच रडलो.

लातूर, शिवणकाम करते

मला चाळिशी लागली ४३ व्या वर्षी. दोरा ओवायला लेकीला हाक मारायचे, काळ्या ब्लाउजवरची काळी टीप दोनदा उसवली, तरी चष्मा नको वाटायचा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग कडक होतं आणि जवळचं बघायला फुगत नाही, ते सगळ्यांचंच होतं, हे कळलं तेव्हा मनातली अढी गेली. तयार चष्मा बाजारातही मिळाला असता, पण मावशीचा काचबिंदू फार उशिरा कळला होता, म्हणून डोळ्याचा दाबही तपासून घेतला. बायांनो, तेवढं करा.

ठाणे

वडील ७१ व्या वर्षी एकदम चष्म्याविना पेपर वाचायला लागले. आम्ही पेढे वाटायचे बाकी होते. मोतीबिंदू होता. भिंग घट्ट होऊन नंबर मायनसकडे सरकला होता, म्हणून जवळचं दिसत होतं. आईचं निराळंच: नव्या चष्म्यानं महिन्याभरात पुन्हा पुसट. दुकानातल्या माणसानं दुसरा चष्मा करायचं नाकारलं, आधी साखर तपासा म्हणाला. साखर वाढलेली निघाली. ती आटोक्यात आल्यावरच नंबर काढला.

नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. कोल्हापूरच्या दादांचं वाचून धाकट्याला उद्याच नेते. चार वर्षांचा आहे, अक्षरं अजून येत नाहीत. तपासतील ना?

सांगली

अक्षरांवाचून अडत नाही, चित्रांचा तक्ता असतो. शिवाय डोळ्यात उजेडाची पट्टी फिरवून नंबर काढतात, मूल एक शब्दही बोललं नाही तरी चालतं. मात्र दुकानात नको, डॉक्टरांकडेच न्या. लहान मुलं भिंगावर ताण देऊन प्लस नंबर लपवतात, म्हणून थेंब टाकून बघावं लागतं. नंतर काही काळ जवळचं पुसट दिसेल आणि ऊन सोसणार नाही. टोपी न्या.