विषय: भोंडल्याच्या दिवशीचे बाहुल्यांचे टेबल आणि त्यावरची पाटी

सर्व सभासदांस नमस्कार,
शनिवारी पाट्या छापायला जातील, म्हणून आजच निर्णय हवा. हिस्पॅनिक वारसा महिन्यानिमित्त (अमेरिकेत स्पॅनिशभाषक देशांशी नाते असलेल्या लोकांचा वारसा साजरा करण्याचा महिना) मांडायच्या टेबलावर ‘मेक्सिकन बाहुल्या’ अशी एकच पाटी लावावी, हे मला मान्य नाही. वेण्यांत रंगीत रिबिनी गुंफलेली चिंध्यांची ‘लेले’ ही बाहुली मेक्सिकोच्या केरेतारो राज्यातल्या आमेआल्को भागातील ओटोमी या आदिवासी समाजाच्या स्त्रिया शिवतात, आणि 2018 साली त्या राज्याने तिला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तिच्या शेजारच्या बोटभर ‘किटापेनास’ मात्र ग्वातेमालाच्या आहेत; मुलाने झोपताना मनातली काळजी बाहुलीला सांगून तिला उशीखाली ठेवायचे, अशी तिथली रीत आहे. जिने शिवले तिचा समाज आणि गाव पाटीवर नसेल, तर आपण नेमका कोणाचा वारसा साजरा करतो आहोत?
– मराठी शाळा, मोठा गट

नमस्कार ताई,
आपली तळमळ समजते, परंतु पाट्यांचा मजकूर आजवर सजावट समितीच ठरवत आली आहे आणि शाळेने तो परस्पर बदलू नये, ही विनंती. टेबल एकच आहे, आणि दिवाळीच्या प्रदर्शनातल्या लांबलचक पाट्या कोणीही वाचल्या नव्हत्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.
– सजावट समिती

नमस्कार,
या महिन्याची सुरुवात 15 सप्टेंबरला होते, कारण तो ग्वातेमालासह मध्य अमेरिकेतील पाच देशांचा स्वातंत्र्यदिन आहे. मेक्सिकोचा दुसऱ्या दिवशी, 16 तारखेला येतो. तेव्हा पाटीवर एकट्या मेक्सिकोचे नाव घालणे उचित नाही. शिवाय नुसत्या बाहुल्याच का? आमच्या शेजारच्या मेक्सिकन आजोबांनी माझ्या मुलाला ‘त्रोंपो’ फिरवायला शिकवला, तेव्हा दोरी गुंडाळण्याची त्यांची पद्धत पाहून मला आपला भोवराच आठवला. ते आनंदाने येतील आणि मुलांना शिकवतील.
– एक आजीव सभासद

काका,
आजोबांचे स्वागतच आहे, परंतु सभागृहाची जमीन लाकडी आहे आणि भोवऱ्याच्या आरीचे ओरखडे पडले तर अनामत रक्कम परत मिळणार नाही. भोवरे बाहेर अंगणातच फिरवावेत. किटापेनास इतक्या लहान असतात की तीन वर्षांखालील मुले त्या तोंडात घालू शकतात, म्हणून त्या उंचावर ठेवाव्यात.
– सभागृह व्यवस्था

नमस्कार,
अंगण आणि उंच फळी, दोन्ही मान्य. पाटी समितीनेच करावी; माझा आग्रह इतकाच की प्रत्येक बाहुलीपुढे देश, समाज आणि गाव सांगणारे दोन ओळींचे कार्ड असावे. शिवाय कारखान्यात बनलेल्या लेलेच्या स्वस्त नकला बाजारात मिळतात. त्या घेऊ नयेत, कारण त्या पैशांतून आमेआल्कोच्या कारागीर स्त्रियांना काहीही मिळत नाही. बाहुल्या कमी आणल्या तरी चालतील, पण त्या शिवणाऱ्या स्त्रियांकडून किंवा त्यांना थेट मोबदला देणाऱ्या विक्रेत्याकडूनच घ्याव्यात. कार्डांचा मजकूर आज रात्री समितीकडे पाठवते.
– मराठी शाळा, मोठा गट