पुस्तकाबाहेर नेणारे शिक्षक: आपले अनुभव

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात शिकलेल्या सर्वांना विनंती, की नेमलेल्या विषयाच्या पलीकडे ज्यांनी आपल्याला नेले, त्या शिक्षकांविषयी येथे लिहावे. सुरुवात मी करते.

चित्रकलेच्या सरांनी आम्हा आठवीच्या मुलांना बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती या जैन मंदिरात नेले आणि छताला कोरलेल्या कमळाच्या पाकळ्या मोजायला सांगितल्या. मान अवघडेपर्यंत मोजूनही कोणाच्या सत्तर भरल्या, कोणाच्या पंचाहत्तर. ७२ हा आकडा पक्का झाल्यावर त्यांनी विचारले, "बहात्तरच का?" भूत, वर्तमान आणि भविष्य या तिन्ही काळांतील प्रत्येकी २४ तीर्थंकर, हे उत्तर वर्गातील एका जैन मैत्रिणीने दिले, मग वर्तुळाचे ७२ समान भाग केल्यास प्रत्येकाला ५ अंश येतात, हे आम्ही तिथेच कंपासपेटी उघडून पडताळले. रट्ट राजघराण्याचा मंत्री बिचण याने १२०४ मध्ये ही बस्ती बांधली, ही माहिती सरांनी परतीच्या वाटेवर दिली. इतिहासाच्या तासाला ती पहिल्यांदा मिळाली असती, तर मी कधीच विसरले असते.

* * *

मी खानापूर तालुक्यातला. भूगोलाच्या बाईंनी एका पावसाळ्यात प्रत्येकाला अंगणात डबा ठेवून पाणी पट्टीने मोजायला लावले. एकाने बादली ठेवली आणि त्याचा आकडा खालीवर होऊ लागला. तोंड रुंद आणि तळ अरुंद असला की उंची फसवते, हे बाईंनी ती बादली वर्गात आणवून दाखवले. घनफळ मला त्या दिवशी कळले, गणिताच्या तासाला नव्हे. तालुक्याच्या पश्चिमेला असलेल्या कणकुंबीकडच्या मुलांचे डबे भरून वाहत आणि पूर्वेला बिडीकडच्यांचे अर्धेही भरत नसत. पश्चिमेला भात आणि पूर्वेला ज्वारी का, तसेच कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा सौंदत्तीच्या शेतकऱ्यासाठी काय घेऊन जाते, हे त्या आकड्यांवरूनच उलगडले.

* * *

निपाणीला आम्हाला कन्नड शिकवणाऱ्या सरांविषयी थोडेच लिहितो. सीमावादाचे बोलणे घरी रोजचे असल्यामुळे त्या तासाला आम्ही मुद्दाम गप्प बसत असू. सरांनी फळ्यावर मराठी 'तूप' आणि कन्नड 'तुप्प' हे शब्द शेजारी शेजारी लिहिले आणि घरातले असे आणखी शब्द शोधून आणायला सांगितले. संध्याकाळी मी आजीला विचारले. तिचे माहेर कन्नडभाषक गोकाकचे. चुलीपुढे बसल्या बसल्या तिने इतके शब्द सांगितले, की माझी वही पुरली नाही.